नेम नेमका चुकतो कुठे?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळचा विषय आहे फर्स्ट-पर्सन शूटर, म्हणजे खेळाडूच्याच डोळ्यांतून दिसणाऱ्या बंदुकीच्या खेळांतला नेम. खेळणारी मुलं त्याला नुसतं 'एम' म्हणतात. बहुतेक पत्रं व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ या संगणकावरच्या खेळांबद्दलची आहेत, म्हणून आकडेही त्याच दोन खेळांचे दिले आहेत. 'कुठला माऊस घेऊ' असं विचारणारी पत्रं तूर्त बाजूला ठेवली आहेत. त्यांनी आधी खालची उत्तरं वाचावीत, कदाचित पैसे वाचतील.

प्रश्न : सहा महिने रोज दोन तास व्हॅलोरंटची डेथमॅच (प्रत्येकजण एकटा, सगळ्यांविरुद्ध) खेळतोय. सरावाच्या रेंजमध्ये मीडियमवर ३० पैकी २४-२५ बॉट (संगणकाचे पुतळे) सहज पडतात. पण रँक्ड सामन्यात समोर माणूस आला की गोळी डोक्याच्या आजूबाजूने जाते. रँक सिल्व्हर या खालच्या पायरीच्या वर सरकत नाही. काहींचा हातच जड असतो का?
– एक वाचक, नागपूर

हात जड असता तर रेंजमध्ये २५ बॉट पडले नसते. तिथे तुम्ही जागेवर उभे असता, सगळी डोकी साधारण एकाच उंचीवर असतात आणि क्रॉसहेअर, म्हणजे पडद्याच्या मध्यावरची नेमाची खूण, आधीपासून त्याच उंचीवर असतो. बोटांना उरतं फक्त आडवं सरकवून क्लिक करणं. सामन्यात नेम बिघडतो तो या क्लिकच्या आधी, आणि तो भाग रेंज तपासतच नाही.

म्हणून आणखी सराव करण्याआधी एक काम करा. दोन सामने रेकॉर्ड करा. ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ग्राफिक्स कार्डाच्या सॉफ्टवेअरमधूनही रेकॉर्डिंग होतं. त्यातल्या तुम्ही हरलेल्या वीस लढती काढा आणि पाव वेगाने बघा. शत्रू पडद्यावर पहिल्यांदा दिसतो त्या फ्रेमवर थांबा. कागदावर तीन रकाने पाडा. पहिला : त्या फ्रेममध्ये क्रॉसहेअर डोक्यापासून किती लांब होता. दुसरा : पहिली गोळी सुटली तेव्हा पाय चालत होते का. तिसरा : पहिली गोळी हुकल्यावर बटण सोडलं, की घाबरून दाबूनच धरलं. वीस लढतींच्या खुणा केल्या की कुठल्या रकान्यात गर्दी आहे ते दिसेल. त्या रकान्यावर काम करायचं, बाकीचे दोन तूर्त सोडून द्यायचे.

सिल्व्हरच्या आसपास पहिल्या रकान्यातच जास्त खुणा पडण्याची शक्यता मोठी, म्हणून त्याबद्दल सविस्तर. १९५४ साली पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हाताच्या हालचालींचा एक नियम मांडला. लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान, तितका तिथे पोचायला वेळ जास्त. डोक्याचा आकार तुमच्या हातात नाही. दिसल्यापासून हात हलेपर्यंतचे २००-२५० मिलिसेकंदही फारसे कमी होत नाहीत. हातात राहतं ते फक्त अंतर. क्रॉसहेअर आधीच डोक्याच्या जवळ असेल तर नेम असा धरावाच लागत नाही, थोडं सरकवलं की काम होतं. ज्यांचा नेम जबरदस्त म्हणून मुलं वाहवा करतात, त्यांच्या बहुतेक गोळ्या अशाच बिनकष्टाच्या असतात. लांबून झटका देऊन मारलेली गोळी व्हिडिओत छान दिसते, पण ती मारावी लागली याचा अर्थ क्रॉसहेअर चुकीच्या जागी होता.

आधी उंची बसवा. कस्टम गेममध्ये मित्राला नकाशावर ठिकठिकाणी उभं करा आणि त्याचं डोकं दाराच्या चौकटीच्या, खोक्याच्या, भिंतीवरच्या पट्ट्याच्या कुठल्या रेषेला लागतं ते बघून ठेवा. सपाट जमिनीवर ही रेषा लवकर ध्यानात राहते. फसगत होते ती चढ-उतारावर. काउंटर-स्ट्राइकच्या डस्ट २ नकाशात लाँग दारातून बाहेर पडलात की पिटमधला माणूस खालच्या पातळीवर असतो आणि ए साइटवरचा वर. क्रॉसहेअर मधल्या उंचीवर ठेवून दोघांनाही मारू म्हणाल तर दोघांनाही हुकाल. एका वेळी एकच जागा तपासा, क्रॉसहेअर तिच्या उंचीवर आणा, मग पुढची. आणखी एक वाईट खोड म्हणजे पळताना क्रॉसहेअर जमिनीकडे उतरतो. तो वर आणेपर्यंत समोरच्याने काम उरकलेलं असतं.

मग आडवं अंतर. कोपरा धरून बसलेले बरेचजण क्रॉसहेअर भिंतीला चिकटवतात आणि शत्रू नेहमी त्याच्या पुढे निघून जातो. याचा हिशेब काउंटर-स्ट्राइकच्या आकड्यांत मांडता येतो. एके-४७ हातात असलेला खेळाडू सेकंदाला २१५ युनिट पळतो आणि त्याची रुंदी असते ३२ युनिट. तुम्ही तो दिसल्यावर २०० मिलिसेकंदांनी क्लिक केलंत, तर तेवढ्यात तो ४३ युनिट सरकला, म्हणजे स्वतःच्या रुंदीपेक्षा जास्त. तेव्हा क्रॉसहेअर भिंतीपासून अंगभर अंतर सोडून धरा आणि त्याला चालत त्यात येऊ द्या. व्हॅलोरंटचे आकडे वेगळे, पण तर्क तोच. समोरचा हळूहळू डोकावणारा असेल तर अंतर कमी, झोकात बाहेर येणारा असेल तर जास्त. हे त्या सामन्यातल्या पहिल्या दोन-तीन राउंडमध्ये कळतं.

आता डेथमॅच. ती चाळीस बळी किंवा नऊ मिनिटांत संपते आणि शत्रू पाठीमागून, डावीकडून, कुठूनही उगवतो. जिंकायचं म्हणून खेळलात तर पळत पळत गोळ्या झाडायची सवय लागते आणि दोन तास त्याच सवयीचा पक्का सराव होतो. रोज दोनच डेथमॅच खेळा, गुणफलक बघू नका आणि एकच गोष्ट तपासा : कोपरा वळताना क्रॉसहेअर डोक्याच्या रेषेवर होता का.

प्रश्न : काउंटर-स्ट्राइक २ मध्ये ८०० डीपीआय आणि १.१ सेन्स वापरतो. व्हॅलोरंट सुरू केलं, तर तिथे १.१ वर माऊस हातात धरवत नाही. एका नामांकित खेळाडूची सेटिंग उचलली, तीही जमली नाही. बरोबर सेन्स कसं काढायचं?
– एक वाचक, कोल्हापूर

डीपीआय म्हणजे एक इंच सरकल्यावर माऊस किती पावलं पाठवतो, आणि सेन्स म्हणजे त्या पावलांवर खेळातली नजर किती वेगाने वळते. माऊसने पाठवलेल्या एका पावलामागे काउंटर-स्ट्राइक सेन्स १ ला ०.०२२ अंश वळतं, व्हॅलोरंट ०.०७ अंश. म्हणून काउंटर-स्ट्राइकचं सेन्स ३.१८ ने भागायचं. तुमचं १.१ व्हॅलोरंटमध्ये ०.३४६ होतं. तिथे १.१ तसंच ठेवलंत म्हणजे तिपटीहून जास्त वेगाने फिरत होतात. माऊस हातात कसा राहील?

पण आकड्यापेक्षा पट्टीवर विश्वास ठेवा. पॅडशेजारी मोजपट्टी ठेवा, क्रॉसहेअर भिंतीवरच्या एखाद्या खुणेवर आणा आणि पूर्ण गोल फिरून त्याच खुणेवर येईपर्यंत माऊस सरळ ओढा. तुमच्या सेटिंगला हे अंतर ४७ सें.मी.च्या जवळपास यायला हवं, दोन्ही खेळांत. तीस-पस्तीसच भरलं तर माऊस ८०० वर नाही. चाकाखालचं डीपीआयचं बटण नकळत दाबलं जातं आणि माणूस आठवडाभर 'आज हात चालत नाही' म्हणत बसतो. जमत असेल तर माऊसच्या सॉफ्टवेअरमधून बाकीचे डीपीआय टप्पे काढूनच टाका.

दुसऱ्याची सेटिंग का जमली नाही? व्हॅलोरंटच्या व्यावसायिक खेळाडूंचा डीपीआय गुणिले सेन्स हा गुणाकार बहुतेक २०० ते ४०० च्या मध्ये असतो. म्हणजे पूर्ण फेरीला ६५ ते ३३ सें.मी., एकाच्या दुप्पट दुसरा. त्या पट्ट्यात कुठेही बसून उत्तम खेळता येतं, पण ज्याच्याकडून आकडा घेतलात त्याचं टेबल, पॅड आणि धरण्याची पद्धत तुमच्याकडे नाही. तुमचं टेबल बघा. ४५ सें.मी. रुंदीच्या पॅडवर हात मध्यभागी असेल तर प्रत्येक बाजूला जेमतेम २० सें.मी. मिळतात. ४७ सें.मी.च्या सेन्सला काटकोनात वळायला १२ सें.मी. पुरतात, पाठीमागे वळायला साडेतेवीस लागतात, म्हणजे मध्ये एकदा माऊस उचलावा लागेल. अशा खेळांत पाठीमागे वळायची वेळ क्वचित येते, त्यामुळे तेवढं चालतं. पण पॅड जर वहीएवढंच असेल तर सेन्स कमी करायच्या आधी पॅड मोठं घ्या.

बदल करायचा तो रेकॉर्डिंग बघून. गोळी नेहमीच डोक्याच्या पुढे जात असेल तर सेन्स पाच ते दहा टक्के उतरवा, नेहमीच अलीकडे पडत असेल तर तेवढंच चढवा. कधी पुढे, कधी मागे असं असेल तर दोष सेन्सचा नाही, हात अजून बसलेला नाही. मग तीन आठवडे आकड्याला हात लावायचा नाही. दर हरलेल्या सामन्यानंतर सेन्स बदलणारा रोज शून्यापासून सुरुवात करतो.

४०० डीपीआय की ८०० की १६००, या वादात पडू नका. व्हॅलोरंटमध्ये तुमच्या सेटिंगला माऊसचं एक पाऊल ०.०२४ अंशाचं आहे आणि १९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर मध्यभागी एक पिक्सेल साधारण ०.०७५ अंशाचा भरतो. पाऊल पिक्सेलहून बारीक आहे, यापेक्षा जास्त बारकावा डोळ्याला दिसायचाही नाही. विंडोजमधलं 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' बंद करा. या दोन्ही खेळांत माऊसचा इनपुट थेट जातो, त्यामुळे नेमावर त्याचा परिणाम नाही, पण बाहेर एक चाल आणि खेळात दुसरी, हे हाताला नकोच.

प्रश्न : काउंटर-स्ट्राइक २ मध्ये क्रॉसहेअर बरोबर डोक्यावर असतो, हे रेकॉर्डिंगमध्येही दिसतं. तरी पहिली गोळी बाजूने जाते. नेट खराब आहे का?
– एक वाचक, ठाणे

पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, स्थिर असेल तर नाही. पाय तपासा. धावताना बंदुकीची गोळी क्रॉसहेअरच्या मध्यावर जाईल याची हमी नसते. वेग कमाल वेगाच्या साधारण ३४ टक्क्यांखाली उतरला की अचूकता परत येते. एके घेऊन २१५ चा वेग असेल तर ७३ च्या खाली यायला हवा. चालण्याची की नुसती सोडली तर माणूस घसरत थांबतो. उजवीकडे जाताना डी ही की सोडून क्षणभर ए (डावीकडची की) दाबला, तर तो जागीच थबकतो. यालाच काउंटर-स्ट्रेफ म्हणतात.

सरावाची पद्धत : रिकामा सर्व्हर, गोळ्या कुठे लागल्या ते दाखवणारी सेटिंग चालू, भिंतीवर डोक्याएवढी एक खूण. डीवर अर्धा सेकंद चाला, डी सोडा, ए ला टिचकी मारा, एक गोळी. असं उजवीकडून वीस वेळा, डावीकडून वीस वेळा. गोळी बाहेर गेली तर कारण दोनपैकी एक. क्लिक आधी झालं, म्हणजे वेग अजून उतरला नव्हता. किंवा ए जास्त वेळ दाबला गेला आणि तुम्ही उलट्या दिशेला चालायला लागलात. नवशिक्यांचं बहुधा दुसरं होतं, आणि ते पहिलं समजून आणखी उशिरा क्लिक करतात. मग गोळी आणखीच लांब जाते. वेग दाखवणारी ओळ कन्सोलमधून चालू करून दोन्हींतला फरक डोळ्यांनी बघा.

थांबताना सवयीने खाली बसणं सोडा. पहिल्या गोळीला त्याने फारसा फायदा नाही, आणि छातीवर मारणाऱ्याच्या रेषेत तुमचं डोकं आपणहून येतं.

दोन उलट्या की एकत्र दाबल्या तर शेवटची धरणारे 'स्नॅप टॅप' पद्धतीचे कीबोर्ड मिळतात. काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या अधिकृत सर्व्हरवर ही सोय बंद केली, वापरली तर सामन्यातून बाहेर काढतात. तेव्हा त्यासाठी पैसे घालू नका. व्हॅलोरंटमध्ये की सोडताच माणूस बराच लवकर थांबतो. उलटी की तिथेही थोडी मदत करते, पण काउंटर-स्ट्राइकइतका तिचा आग्रह नाही.

प्रश्न : एके-४७ चा स्प्रे (बटण दाबून धरून सलग गोळ्या) कसा शिकायचा? तीस गोळ्यांचा नमुना पाठ केला, तरी चौथ्या गोळीनंतर सगळं आकाशात.
– एक वाचक, सोलापूर

तीसही गोळ्या पाठ करायची गरजच नव्हती. एके मिनिटाला ६०० गोळ्या झाडते, म्हणजे दहा गोळ्या एका सेकंदात. बहुतेक लढती तेवढ्यात संपतात. पहिल्या सात-आठ गोळ्या मुख्यतः वर चढतात, मग डावी-उजवी सुरू होते. तुमची अडचण चौथ्या गोळीला आहे, म्हणजे नुसतं खाली ओढणंच कमी पडतंय.

भिंतीपासून चार-पाच पावलांवर उभे राहा. आधी माऊसला हात न लावता दहा गोळ्या सोडा आणि खुणा किती उंच गेल्या ते बघा. आता क्रॉसहेअर पहिल्या खुणेवर ठेवून तेवढाच खाली ओढत पाच गोळ्या. पाचही खुणा ताटलीएवढ्या जागेत येईपर्यंत सहावी सोडायची नाही. मग आठ, मग दहा. ओढायला सुरुवात पहिल्या गोळीबरोबरच करायची. बंदूक चढताना दिसल्यावर ओढाल तर दोन गोळ्यांचा उशीर झालेला असतो, आणि तुमच्या आकाशातल्या गोळ्यांचं कारण हेच असावं. भिंतीवर हात बसला की अंतर वाढवा. लांबवर स्प्रे नको, दोन-तीन गोळ्यांचे तुकडे.

काउंटर-स्ट्राइकचा नमुना ठरलेला असतो, म्हणून पाठ होतो. व्हॅलोरंटमध्ये सुरुवातीची चढ तेवढी भरवशाची, पुढचं आडवं डोलणं प्रत्येक वेळी वेगळं. तिथे लांब स्प्रेचा सराव म्हणजे वेळेची नासाडी.

प्रश्न : व्हॅलोरंटमध्ये कुठली बंदूक, व्हँडल की फँटम?
– एक वाचक, जळगाव

तुमचा नेम डोक्यावर बसत असेल तर व्हँडल. डोक्याला कुठल्याही अंतरावरून १६० इजा, आणि पूर्ण ढालीसकट समोरच्याकडे असतात १५०. फँटमची इजा लांबवर १५० च्या खाली उतरते, समोरचा थोडक्यात वाचतो आणि तुम्ही मरता. जवळ खेळणाऱ्याला, धुरातून मारणाऱ्याला फँटम. रोज बदलू नका.

प्रश्न : दर पावसाळ्यात माझा नेम बिघडतो. मित्र हसतात. खरंच असं होतं का?
– एक वाचक, रत्नागिरी

मित्रांना कॅरमबोर्डाची आठवण करून द्या. पावसाळ्यात बोर्ड जड होतो, पावडर टाकूनही स्ट्रायकर अडखळतो. कापडी माऊसपॅडचंही तेच होतं. कापड हवेतला ओलावा शोषून घेतं, त्यात मनगटाचा घाम, आणि माऊस सुरुवातीला चिकटून मग एकदम सुटतो. मोठ्या हालचालीत हे जाणवत नाही. शेवटच्या दोन मिलिमीटरच्या दुरुस्तीत मात्र जाणवतं, आणि हेडशॉट तिथेच ठरतो.

आधी पॅड धुवा. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब, मऊ स्पंज. ब्रशने घासू नका, धागे उभे राहतात. साबण पूर्ण निघू द्या, नाहीतर पॅड आणखी चिकट होईल. टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपा, पिळू नका. सपाट ठेवून पंख्याखाली वाळवा. कोकणात जुलैत दोन दिवसही लागतात. वरून कोरडं वाटलं तरी खालचा रबर उचलून बघा. उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली ठेवलंत तर रबर वाकतो आणि पॅडचे कोपरे कायमचे वर उठतात.

माऊस उलटा करून पायांच्या कडांना साठलेली काळी मळी सुती बोळ्याने काढा. पाय घासून माऊसच्या तळाच्या पातळीला आले असतील तर नवे चिकटवा, माऊस बदलू नका. हाताला घाम येत असेल तर हात कापडी बाहीने झाका. इतकं करूनही जमत नसेल तर पावसाळ्यापुरतं कडक पृष्ठभागाचं पॅड ठेवा, पण ते जास्त निसरडं असतं आणि हाताला थांबायला वेगळं शिकावं लागतं. सामन्याच्या आदल्या रात्री पॅड बदलायचं नाही.

प्रश्न : हौसेने १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला. फरक शून्य. फसलो का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

बहुधा तो अजून ६० वरच चालतोय. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन रिफ्रेश रेट बघा. नवा मॉनिटर जोडला तरी तो आपोआप चढेलच असं नाही. यादीत १४४ दिसतच नसेल तर केबल बघा. जुनी एचडीएमआय काढून डिस्प्लेपोर्ट लावा, आणि ती मदरबोर्डला नाही, ग्राफिक्स कार्डला लागली आहे ना तेही. मग खेळातली फ्रेमची मर्यादा आणि व्ही-सिंक तपासा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावल्याशिवाय फ्रेम पडतातच.

६० हर्ट्झला नवं चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी येतं, १४४ ला दर ६.९ ने. फरक पडतो, पण तो सरकत्या डोक्याचा माग काढताना जास्त कळतो. चुकीच्या उंचीवरचा क्रॉसहेअर मॉनिटर वर उचलून देत नाही.

प्रश्न : एम ट्रेनरचा (नेमाच्या सरावाच्या सॉफ्टवेअरचा) खरंच उपयोग होतो का? कोव्हाक्स घेऊ की एम लॅब पुरे?
– एक वाचक, पुणे

एम लॅब फुकट आहे, सुरुवातीला पुरे. सेन्स आणि पडद्यावरच्या दृश्याचा कोन खेळाचाच ठेवा; व्हॅलोरंटचा १०३ अंश आहे. उपयोग होतो तो हाताच्या कौशल्यापुरता. क्रॉसहेअर कुठे ठेवावा आणि कधी थांबावं हे तिथे शिकता येत नाही.

दिवसाला वीस मिनिटं, आठवड्यातले पाच दिवस. व्हॅलोरंट-काउंटर-स्ट्राइकवाल्यांनी त्यातली बारा मिनिटं लहान, स्थिर आणि जवळजवळ असलेल्या लक्ष्यांवर घालवावीत, कारण सामन्यातली दुरुस्ती इवलीशी असते. पाच मिनिटं ट्रॅकिंग. चालत्या लक्ष्यामागे हात न थरथरता नेणं स्प्रेतही कामी येतं. उरलेली तीन मिनिटं लक्ष्य बदलण्याची. एपेक्स किंवा ओव्हरवॉच खेळणाऱ्यांनी प्रमाण उलटं करावं, तिथे शत्रू पडायला वेळ लागतो आणि क्रॉसहेअर त्याच्या अंगावर टिकवावा लागतो.

गुण वाढवायच्या नादात सगळे धडाधड क्लिक करतात. दहातल्या नऊ गोळ्या लागतील इतका वेग आधी धरा, तो सोपा वाटला की चढवा. माऊसवरची पकडही बघा. अवघड लक्ष्य आलं की बोटं आवळली जातात, नखं पांढरी पडतात आणि बारीक हालचाल मरते. प्रत्येक फेरीनंतर हात सोडून झटका. मध्येच गुण घसरायला लागले तर उठा. त्यापुढचा सराव थकलेल्या हाताचा असतो, आणि हात ते थकलेलंच शिकतो. हात बसायला झोपही लागते. रात्री दोनला केलेला सराव बराचसा वाया जातो.

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. 'सराव' म्हणून रोज तीन-चार तास खेळतो. हल्ली उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येतात म्हणतो. खेळ बंद करायला लावू का?
– एक आई, सांगली

ताई, आधी त्याला विचारा कुठल्या बोटांना. अंगठा, तर्जनी, मधलं बोट असेल तर मनगटातली नस दबत असण्याची शक्यता आहे. करंगळी आणि शेजारचं बोट असेल तर कोपराची. टेबलाच्या कडेवर कोपर टेकवून बसणाऱ्यांना हे होतं. दोन्हींत डॉक्टरांना दाखवाच. मुंग्या रात्री झोपेतून उठवत असतील किंवा हातातून वस्तू निसटत असतील तर आठवडाही थांबू नका. डॉक्टरांना दाखवेपर्यंत खेळ थांबवा.

नंतरची सोय घरात करता येईल. अभ्यासाचं टेबल साधारण ७५ सें.मी. उंच असतं आणि जेवणाची खुर्ची त्याला ठेंगणी पडते. मग खांदा वर चढतो आणि मनगट मागे मोडतं. खुर्चीवर उशी घालून कोपर टेबलाच्या पातळीला आणा, पाय लोंबत असतील तर खाली पाट ठेवा. टेबलाच्या धारदार कडेवर टॉवेलची घडी. दर पाऊण तासाला उठून पाणी प्यायला जायचं, हे त्याने स्वतः गजर लावून करावं. त्याला हेही दाखवा की वरच्या उत्तरांत कुठेही चार तासांचा सराव सांगितलेला नाही.

प्रश्न : बीजीएमआय हा मोबाइलवरचा खेळ फर्स्ट-पर्सनमध्ये खेळतो. जायरो (फोन हलवून नेम धरायची सोय) चालू करू का?
– एक वाचक, लातूर

करा, पण दोन आठवडे हरायची तयारी ठेवा. मोठं वळण अंगठ्याने, बारीक दुरुस्ती आणि बंदुकीची चढ फोन तिरका करून, अशी कामाची वाटणी. सुरुवात 'स्कोप ऑन'ने करा, म्हणजे नुसतं चालताना कॅमेरा डगमगणार नाही. रेड डॉटची संवेदनशीलता आधी लावा. सरावाच्या मैदानात लक्ष्यावर दहा गोळ्या सोडा, बंदूक वर निसटली तर वाढवा, खाली घुसली तर कमी करा. रेड डॉट बसल्याशिवाय ३एक्स-४एक्सला हात लावू नका. पलंगावर लोळून खेळत असाल तर जायरो विसरा. फोनचा कोन रोज वेगळा राहिला तर हाताला काहीच शिकता येत नाही.

प्रश्न : व्हॅलोरंटमध्ये क्रॉसहेअर कुठल्या रंगाचा आणि कसा ठेवावा?
– एक वाचक, मडगाव

हिरवा किंवा आकाशी. लाल नको, कारण शत्रूच्या अंगाभोवतीची कडा मुळात लालच असते आणि त्यात क्रॉसहेअर हरवतो. आकार लहान, मध्ये डोकं झाकणार नाही इतका. चालताना आणि झाडताना पसरणारा क्रॉसहेअर बहुतेकजण बंद ठेवतात आणि ते बरोबर आहे. पण पहिल्या पत्रातल्या कागदावर ज्यांच्या खुणा दुसऱ्या रकान्यात, म्हणजे चालत्या पायांच्या रकान्यात जास्त पडतील, त्यांनी 'मूव्हमेंट एरर' पंधरा दिवस मुद्दाम चालू ठेवावा. रेषा पसरलेल्या असताना क्लिक केलं की चूक तिथल्या तिथे दिसते. पंधरा दिवसांनी बंद करा.